दखल तांबेऱ्याची, विसर वटवट्याचा

१८६७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात सतलजच्या खोऱ्यात, रामपूरच्या आसपास, एका इंग्रज सनदी अधिकाऱ्याने एक लहानसा पक्षी टिपला. पक्षी दिसायला अगदीच सामान्य होता. रंग मातकट, आकार चिमणीहून फारसा मोठा नाही. वैशिष्ट्य म्हणावे असे एकच, ते म्हणजे आकाराच्या मानाने लांब असलेली चोच. पाणथळ जागी बोरू-लव्हाळ्यांत वावरणाऱ्या वटवट्यांच्या कुळातला तो होता. अधिकाऱ्याने त्याचे कातडे पेंढा भरून ठेवले, त्यावर चिठ्ठी बांधली आणि यथावकाश त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे तो नमुना लंडनला गेला आणि संग्रहालयाच्या एका खणात पडून राहिला.

यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८६९ मध्ये, सिलोनच्या मदुलसीमा भागातील कॉफीच्या मळ्यांत पानांच्या खालच्या बाजूस नारिंगी भुकटीचे ठिपके दिसू लागले. पेराडेनिया येथील वनस्पती उद्यानाचे संचालक थ्वेट्स यांनी ती पाने इंग्लंडला पाठविली. बर्कली आणि ब्रूम या बुरशीतज्ज्ञांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तिचे नामकरण करून टाकले : हेमिलिया व्हॅस्टॅट्रिक्स. ‘हेमिलिया’ म्हणजे अर्धी गुळगुळीत. कारण तिच्या बीजाणूची एक बाजू खरखरीत आणि दुसरी गुळगुळीत असते. ‘व्हॅस्टॅट्रिक्स’ म्हणजे विध्वंस करणारी. आपल्या शेतकऱ्याला गव्हावरचा, ज्वारीवरचा जो तांबेरा परिचित आहे, त्याच जातकुळीतला हा कॉफीवरचा तांबेरा.

एक बुरशी आणि एक पक्षी. एक पानावर जगते, दुसरा पाणकाठच्या झाडोऱ्यावर. एकाच साम्राज्याच्या छत्राखाली, दोन वर्षांच्या अंतराने दोघांची शास्त्रात नोंद झाली. पण त्यानंतर एकीविषयी अहवाल लिहिले गेले, शास्त्रज्ञ नेमले गेले, बँका बुडाल्या, लाखो माणसांची आयुष्ये बदलली. आणि दुसरा १३८ वर्षांहून अधिक काळ कुणालाही जिवंत स्थितीत ओळखता आला नाही. हा फरक केवळ निसर्गाचा नाही. तो बऱ्याच अंशी हिशेबाचा आहे, आणि म्हणून अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात डोके घातले तर ते अगदीच अनाठायी ठरू नये.

प्रथम तांबेऱ्याचे पाहू. या बुरशीला जगण्यासाठी कॉफीचे जिवंत पान लागते. वाऱ्यावरून वा पावसाच्या शिंतोड्यांतून आलेला बीजाणू पानावर पडतो. तेथे पाण्याचा थेंब काही तास टिकला की तो रुजतो आणि पानाच्या खालच्या अंगाच्या सूक्ष्म रंध्रांतून आत शिरतो. काही आठवड्यांत तेथेच नारिंगी भुकटी उगवते, म्हणजे नव्या बीजाणूंचे पीक येते. झाड लगेच मरत नाही. पाने गळतात, फांद्या दुबळ्या होतात, पुढच्या हंगामाचे फळ कमी धरते. मारण्यापेक्षा झिजविणारा असा हा रोग आहे, आणि झिजविणाऱ्या रोगाची दखल माणूस नेहमीच उशिरा घेतो.

सिलोनमध्ये नेमके हेच घडले. त्या वेळी हे बेट जगातल्या मोठ्या कॉफी-उत्पादकांपैकी एक होते. १८७० च्या सुमारास तेथून वर्षाला दहा कोटी पौंडांच्या घरात कॉफी निर्यात होत असे. मध्यवर्ती डोंगररांगांवरील जंगल तोडून, टेकड्यांमागून टेकड्या एकाच पिकाखाली आणल्या गेल्या होत्या. तांबेरा आल्यावर एकरी उत्पन्न घटू लागले. पण जागतिक बाजारात कॉफीचे भाव चढे असल्याने मळेवाल्यांच्या हाती पडणारा पैसा फारसा कमी झाला नाही. मग त्यांनी काय करावे? लागवड आवरती घेण्याऐवजी आणखी जंगल तोडून आणखी कॉफी लावली. १८७८ पर्यंत क्षेत्र पावणेतीन लाख एकरांच्या आसपास गेले. भाव हा बाजाराचा संदेशवाहक आहे, असे आम्ही वर्गात शिकवतो. येथे संदेशवाहकाने अगदी उलटा निरोप दिला : रोग पसरत असताना ‘अजून लावा’ असे तो सांगत राहिला. पुढे ब्राझीलचा माल वाढून भाव कोसळले, तेव्हाच मळ्यांची खरी स्थिती उघडी पडली. १८८९ पर्यंत उत्पादन पन्नास लाख पौंडांच्या घरात आले. मळ्यांना मोठाली कर्जे देऊन बसलेली ओरिएंटल बँक त्याआधीच, १८८४ मध्ये बुडाली होती.

दरम्यान, १८८० मध्ये हॅरी मार्शल वॉर्ड नावाच्या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाची या रोगाच्या अभ्यासासाठी सिलोनला नेमणूक झाली. दोन वर्षांत त्याने बीजाणू रुजतो कसा, पानात शिरतो कोठून, वाऱ्यावर पसरतो कसा हे अत्यंत काटेकोरपणे दाखवून दिले. एवढेच नव्हे, तर एकाच जातीच्या झाडांचे अखंड पट्टे लावणे हेच या बुरशीला दिलेले आमंत्रण होय, हेही त्याने सांगितले. मळेवाले मात्र निराश झाले. त्यांना औषध हवे होते आणि वॉर्डने कारण दिले. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये प्रसिद्धीस आले ते १८८५ मध्ये. तोवर सिलोनची कॉफी हातची गेली होती. कॉफीच्या जागी चहा आला. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश मळेवाल्याने लूलकंदुरा येथे १९ एकरांवर चहाची पहिली व्यापारी लागवड केली होती, तीही १८६७ मध्येच, म्हणजे सतलजकाठी तो पक्षी टिपला गेला त्याच वर्षी. (इंग्रज लोक चहा पिऊ लागले ते या बुरशीमुळे, ही कथा रंजक आहे, पण इंग्लंड त्याच्या शंभर वर्षे आधीपासून चहा पीत होते.)

या उलथापालथीत मळेवाल्यांचे किती गेले याचे आकडे मिळतात, बँकेच्या भागधारकांचे किती बुडाले याचेही मिळतात. जे आकड्यांत फारसे सापडत नाहीत ते मजूर. तमिळ मुलुखातून कंगाणी नावाच्या मुकादमांमार्फत आणलेली ही माणसे कॉफीच्या काळात हंगामापुरती येत आणि परतही जात. वाटेत कॉलऱ्याने आणि उपासमारीने किती मेली याचा हिशेब कुणी नीट ठेवला नाही. चहाची पाने मात्र बारमाही खुडावी लागतात. त्यामुळे कॉफी जाऊन चहा आला तेव्हा हंगामी मजुरांची कायम वस्ती झाली. बायकामुलांसह कुटुंबे मळ्यांतल्या ओळीच्या खोल्यांत स्थिरावली. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने याच कुटुंबांना परके ठरविले. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो भंडारनायके यांच्यात करार झाला आणि त्यांची वाटणी ठरली : सव्वापाच लाख भारताने घ्यायची, तीन लाख सिलोनने ठेवायची, उरलेल्यांचे पुढे पाहायचे. तीन-तीन पिढ्या त्या डोंगरांत गेलेल्या माणसांची अशी विभागणी झाली. उरल्यासुरल्यांचा नागरिकत्वाचा प्रश्न श्रीलंकेच्या संसदेने २००३ मध्ये कायदा केला तेव्हा मार्गी लागला. पानामागची नारिंगी भुकटी आणि रामेश्वरमच्या बंदरावर बोचकी घेऊन उतरलेली कुटुंबे यांच्यात कार्यकारणाचा धागा आहे. तो एकपदरी नाही, हे मान्य. पण तो आहे.

आता पक्ष्याकडे वळू. त्याला टिपणारा अधिकारी म्हणजे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्यामागचे हेच ह्यूमसाहेब. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांची ओळख तेथेच सुरू होते आणि तेथेच संपते. वस्तुतः त्यापूर्वीची त्यांची कारकीर्द या आपल्या विषयाशी फार जवळून निगडित आहे. १८६७ ते १८७० या काळात ते अंतर्गत जकातीचे आयुक्त होते. मिठावरचा कर चुकवून कुणी पलीकडे जाऊ नये म्हणून सरकारने उत्तर आणि मध्य भारतातून शेकडो मैलांची जकातरेषा आखली होती. तिच्या बऱ्याच भागावर काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण वाढविलेले होते आणि पहाऱ्याला दहा हजारांहून अधिक माणसे होती. गरिबाच्या भाकरीवरचे मीठ मोजणारी ही यंत्रणा चालविणारा गृहस्थ फिरतीवर असताना पक्षी गोळा करीत असे. एकाच माणसाच्या दोन वह्या. पहिली सरकारी, तिच्यात मिठाचा मण न् मण चढत असे. दुसरी खासगी, तिच्यात मातकट रंगाचा एक पक्षी.

१८७१ मध्ये महसूल, शेती आणि व्यापार असे नवे खाते निघाले आणि ह्यूम त्याचे सचिव झाले. शेतीच्या स्वतंत्र खात्याची मागणी लावून धरणाऱ्यांत मँचेस्टरचे कापूस-व्यापारी पुढे होते. त्यांना चांगला कापूस हवा होता. ह्यूम यांना शेतकऱ्याची सुधारणा हवी होती, सरकारला महसूल. तिघांच्या अपेक्षा एका खात्यात मावणाऱ्या नव्हत्या. १८७९ मध्ये ह्यूम यांना त्या जागेवरून दूर करण्यात आले. त्याच वर्षी त्यांनी हिंदुस्थानातील शेतीसुधारणेवर पुस्तक प्रसिद्ध केले, आणि योगायोग असा की ती मिठाची जकातरेषाही त्याच वर्षी मोडीत निघाली.

सिमल्याच्या आपल्या घरी ह्यूम यांनी पक्ष्यांचे प्रचंड संग्रहालय उभारले होते. नमुने ऐंशी हजारांच्या आसपास. या संग्रहावर आधारलेल्या मोठ्या ग्रंथाची हस्तलिखिते एका नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकली. वर्षानुवर्षांचे काम असे पुड्या बांधण्याच्या कामी आले. खचून जाऊन त्यांनी १८८५ मध्ये सारा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. सतलजकाठचा तो पक्षीही त्यासोबत गेला.

पुढची शंभर वर्षे या पक्ष्याविषयी विद्वानांत थोडीफार कुजबुज होत राहिली. ह्यूम यांनी दिलेले नाव आधीच दुसऱ्या पक्ष्याला दिलेले निघाले, म्हणून १९०५ मध्ये ते बदलून ‘ॲक्रोसेफॅलस ओरायनस’ केले गेले. ही स्वतंत्र जात नव्हेच, एखादा विचित्र वाढलेला नेहमीचाच वटवट्या असेल, संकर असेल, असेही मत पडले. एका नमुन्यावरून भांडण तरी किती करणार? २००२ मध्ये बेंच आणि पिअरसन या संशोधकांनी त्या जुन्या कातड्यातील जनुकद्रव्य तपासले आणि ही जात निःसंशय स्वतंत्र आहे असे दाखवून दिले. ज्याने पक्षी टिपला त्याला जनुकद्रव्य म्हणजे काय हे ठाऊक असणे शक्य नव्हते. तरीही त्याने बांधलेल्या चिठ्ठीमुळे आणि निरुपयोगी वस्तू जपून ठेवण्याच्या संग्रहालयांच्या हट्टामुळे तो पुरावा टिकला.

२००६ च्या मार्चमध्ये थायलंडात, लाएम फाक बिया या किनारी गावाजवळ, फिलिप राउंड हे पक्षिशास्त्रज्ञ जाळी लावून पक्ष्यांना वाळे घालीत होते. हाती आलेला एक वटवट्या त्यांना वेगळा वाटला. चोच लांब, पंख आखूड. दोन पिसे त्यांनी तपासणीसाठी स्वीडनला बेंच यांच्याकडे पाठविली आणि पक्षी सोडून दिला. उत्तर आले : हाच तो. जागा कोणती, हेही सांगितले पाहिजे. ती शहराचे सांडपाणी तळ्यांतून आणि पाणवनस्पतींतून शुद्ध करण्याच्या प्रकल्पाची जागा होती. म्हणजे हरवलेला पक्षी सापडला तो कुठल्या राखीव अरण्यात नव्हे, तर पेत्चाबुरी शहराच्या मैलापाण्याच्या काठी.

मग शोधाशोध सुरू झाली. ब्रिटिश संग्रहालयाच्याच खणांतून दुसरा नमुना निघाला. आजच्या उत्तर प्रदेशात १८६९ मध्ये टिपलेला आणि ‘ब्लिथचा वटवट्या’ अशी चुकीची चिठ्ठी लावलेला. १८६९! कॉफीच्या तांबेऱ्याला नाव मिळाले तेच वर्ष. इतर देशांतील संग्रहालयांतही असेच नमुने चुकीच्या नावांखाली पडून असलेले आढळले. पक्षी दुर्मिळ होता हे खरेच. पण त्याहून दुर्मिळ होती ती त्याच्याकडे पुन्हा एकदा पाहण्याची गरज. ती कुणाला भासलीच नव्हती. पुढे २००८-०९ मध्ये अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला, वाखानच्या चिंचोळ्या पट्टीत, नदीकाठच्या झुडपांत हे पक्षी गाताना ऐकू आले. त्यांचे प्रजननक्षेत्र तेथे होते.

या ठिकाणी एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. कॉफीच्या बुरशीवर लाखो माणसांचे पोट अवलंबून होते. या वटवट्यावर कुणाचे अवलंबून आहे? बुरशीची दखल घेतली गेली आणि पक्ष्याची नाही, यात बिघडले कोठे? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या देशात शेतकऱ्याला तांबेऱ्याने हातचे पीक गमवावे लागते, तेथे गव्हाच्या रोगावर संशोधन आधी झाले पाहिजे याविषयी दुमत असू शकत नाही. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचा अभ्यास करणारे केंद्र आहे, निफाडला गहू संशोधन केंद्र आहे. त्यांच्या कामाचे मोल कुणा पक्षिप्रेमीने कमी लेखू नये. वाखानमधील माणसांचेही तसेच. ज्या झुडपांत हा पक्षी घरटे बांधतो तीच झुडपे तेथील लोक सरपणासाठी तोडतात, तेथेच त्यांची जनावरे चरतात. इतक्या उंचीवर, इतक्या थंडीत, चूल पेटविणाऱ्या बाईला पक्ष्याचे महत्त्व पटवू पाहणे हा मला उद्धटपणा वाटतो.

परंतु आक्षेपामागचे गृहीतक तपासले पाहिजे. हिशेबात आलेल्या गोष्टीचे आपल्याला नीट ज्ञान होते, हे गृहीतकच सिलोनच्या उदाहरणाने डळमळीत होते. तांबेऱ्याची मोजदाद झाली ती मळेवाल्यांच्या नुकसानीच्या चौकटीत. म्हणून वॉर्डने दाखविलेले कारण, म्हणजे एकाच पिकाचा अखंड पट्टा, हिशेबात घेतले गेले नाही. कॉफी काढून त्याच टेकड्यांवर तसाच अखंड चहा लावला गेला. मजूर त्या चौकटीत केवळ खर्चाची बाब म्हणून होता; माणूस म्हणून नव्हता. आणि बुरशीचेही पुरते ज्ञान झाले असे नाही. दीडशे वर्षे तिच्यामागे लागूनही, तिच्या आप्तांना असते तशी दुसरी आश्रयदाती वनस्पती तिला आहे की नाही याचा पत्ता शास्त्राला लागलेला नाही. १९७० मध्ये ती ब्राझीलमध्ये पोहोचली. म्हणजे जिची एवढी दखल घेतली तिलाही समुद्र ओलांडण्यापासून रोखता आले नाही. हिशेब आपल्याला उजेड देतो खरा. पण तो कंदिलाचा उजेड असतो, आणि कंदील कुणाच्या हातात आहे यावर काय दिसायचे ते ठरते.

निफाडचा उल्लेख आलाच आहे, तर त्याच तालुक्यातील आणखी एका जागेविषयी लिहिणे भाग आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वर येथे ब्रिटिश अमदानीत, विसाव्या शतकाच्या प्रारंभी, सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. वर्षानुवर्षे पुराबरोबर आलेला गाळ त्यात साचत गेला, उथळ बेटे तयार झाली, त्यांवर पाणकणीस आणि बोरू माजले, आणि हिवाळी पाहुण्या पक्ष्यांना मोठा आसरा मिळाला. १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले. २०१९ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत त्याचा समावेश झाला, महाराष्ट्रातील अशी ती पहिली जागा. ज्याच्या नावाची चुकीची चिठ्ठी त्या दुसऱ्या नमुन्याला दीडशेच्या आसपास वर्षे चिकटून होती, तो ब्लिथचा वटवट्या दर हिवाळ्यात आपल्या राज्यात सर्वत्र येतो. झुडपात दडून ‘चक् चक्’ करणारा हा पाहुणा आपल्यापैकी अनेकांच्या परसात येऊन जातो. त्याला नाव मात्र बहुतेकांनी दिलेले नसते.

पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने बंधाऱ्यातील गाळ म्हणजे घटलेला साठा, शुद्ध तोटा. सिंचनाच्या लाभार्थी शेतकऱ्याच्या दृष्टीनेही तो तोटाच. त्याच्या गव्हाला पाण्याची एक पाळी कमी मिळते. आणि पाणथळ म्हणून जे काही तेथे आहे, ते सारे त्याच गाळावर उभे आहे. मी विद्यार्थ्यांना हे उदाहरण घालतो, तेव्हा गाळ जमेच्या बाजूला लिहायचा की खर्चाच्या, असा प्रश्न हटकून येतो. गेल्या वर्षी मागच्या बाकावरील एका मुलाने, त्याचे घर निफाड तालुक्यातच आहे, उलट विचारले, “सर, वही कोणाची?” त्यानंतर तास संपेपर्यंत वर्गात त्यावरच वाद चालला होता.